अळवावरचे पाणी आणि विजेची तार

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा विषय कामगार चळवळीचा असणार असे त्यांनी गृहीत धरले होते. आम्ही उलट कळविले की, आम्ही पाण्यावर बोलू. पाणी म्हणजे धरणाचे नव्हे किंवा नळाचेही नव्हे. उच्च दाबाच्या विजेच्या तारेला मनोऱ्यापासून अलग ठेवणारा जो चिनी मातीचा चकचकीत रोधक असतो, ज्याला आमचे लाइनमन इन्सुलेटर म्हणतात, त्याच्या अंगावर पहाटे धरणारे पाणी. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळीवाल्यांच्या संगतीत आणि रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा विद्वानांनी चुका काढाव्यात. आम्ही त्या दुरुस्त करून घेऊ.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. थेंब मोत्यासारखा गोल होतो, पान हलले की घरंगळतो आणि मागे पान कोरडे ते कोरडेच. यावरून 'अळवावरचे पाणी' हा शब्दप्रयोग झाला आणि क्षणभंगुर गोष्टींना तो आपण लावतो. गीतेनेही कमळाच्या पानाची उपमा अशाच पाण्यावरून घेतली. परंतु श्रोतेहो, हा सारा विचार थेंबाच्या बाजूने झाला. थेंब टिकला नाही म्हणून आपण हळहळलो. पानाच्या बाजूने कोणी पाहिले नाही. विजेच्या मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाला विचारा. तो म्हणेल, आमच्या रोधकाला अळवाचा हा गुण आला असता तर आमचे निम्मे हाल वाचले असते.

कसे ते पाहू. चिनी माती आणि काच ही दोन्ही विजेला उत्तम अडवतात. कोरड्या हवेत त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण त्यांच्या पृष्ठभागाला पाण्याचे मोठे वेड आहे. त्यावर थेंब गोल राहत नाही, पसरतो आणि शेजारच्या थेंबाला मिळून पातळ पापुद्रा होतो. निव्वळ पाण्याचा पापुद्रा फारसा घातक नाही. मात्र खाली समुद्रावरून आलेले मीठ, सिमेंटची भुकटी, रस्त्याची धूळ किंवा कारखान्याची राख बसलेली असली की ती पाण्यात विरघळते आणि रोधकाच्या अंगावरूनच विजेला पायवाट मिळते. एका चौरस सेंटिमीटरवर मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढे मीठ साचले, तरी ती भारी घाण समजतात. इतके मीठ डोळ्यांना दिसतदेखील नाही. या पायवाटेने थोडी वीज गळू लागते. तिच्या उष्णतेने पापुद्र्याचा एखादा पट्टा सुकतो, मग सारा दाब त्या सुकलेल्या पट्ट्यावर येतो आणि तेथे ठिणगी उडी घेते. अशा ठिणग्या लांबत लांबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचल्या की झगझगीत जाळ होतो आणि वाहिनी बंद पडते.

यातली गंमत अशी की मुसळधार पाऊस हा रोधकाचा वैरी नव्हे. तो त्याला न्हाऊ घालतो. वैरी म्हणजे दव, धुके आणि पावसाची पहिली भुरभुर. ही मिठाला भिजवतात, पण वाहून नेत नाहीत. समुद्रकाठच्या उपकेंद्रात हिवाळ्यातल्या पहाटे उभे राहा. कढईत काही तळावे तसा चरचराट वरून ऐकू येतो, आणि अंधार असला तर जांभळट निळे बारके जाळ रोधकांवर धावताना दिसतात. पहिल्यांदा आम्ही ते पाहिले तेव्हा भुताटकीच वाटली. शेजारी उभा असलेला जुना लाइनमन म्हणाला, "घाबरू नका भाऊ, मीठ बोलतंय."

मिठाचे हे बोलणे तारायंत्राच्या काळापासून लोकांच्या कानी होते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात जॉन्सन आणि फिलिप्स या दोघांनी एक युक्ती काढली. रोधकाची खालची कड आत वळवून त्यांनी तिची वाटी केली आणि वाटीत तेल ओतले. तेलावर पाण्याचा अखंड पापुद्रा धरत नाही, म्हणून गळणाऱ्या विजेची वाट तेथे तुटते. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाचा विजेच्या कामी मुद्दाम केलेला हा आरंभीचा उपयोग म्हणावयास हरकत नाही. पुढे १८९१ साली जर्मनीत फ्रांकफुर्टला विजेचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा नेकर नदीवरच्या लाउफेन गावाहून १७५ किलोमीटर दूर तिथे तीन फेजची वीज नेऊन दाखविली, आणि त्या मार्गावर असेच तेल भरलेले रोधक बसविले होते. दाब १५ हजार व्होल्टचा. पुढच्या चाचण्यांत तो २५ हजारांपर्यंत नेला. डोलिवो-डोब्रोवोल्स्की आणि चार्ल्स ब्राउन ही त्या कामातली नावे पुस्तकांत आढळतात. सुमारे तीन हजार खांब उभे केले गेले, आणि त्यांवर चढून वाट्यांत तेल भरणारे हातही असलेच पाहिजेत. त्यांची नावे आढळत नाहीत. आम्ही तक्रार करीत नाही. एवढीच नोंद करतो.

तेलाची वाटी फार काळ टिकली नाही. उघड्या तेलात धूळ पडते, किडे पडतात, आणि हजारो वाट्या भरत बसायला कोणाला परवडणार? लोक पुन्हा आकाराकडे वळले. रोधकाला झालरीसारख्या वळ्या द्यायच्या, म्हणजे पावसातही आतल्या बाजू कोरड्या राहतात आणि विजेला गळायची वाट लांब पडते. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत ह्यूलेट आणि बक यांनी एकाखाली एक तबकड्या टांगण्याची रीत काढली. तीच आज आपण डोंगरावरून जाणाऱ्या मनोऱ्यांवर माळेसारखी पाहतो. १ लक्ष ३२ हजार व्होल्टला नऊ-दहा तबकड्या, ४ लक्ष व्होल्टला बावीस-तेवीस. तबकड्या मोजल्या की मनोऱ्याखालच्या गुराख्यालाही दाब ओळखता यावा. आपल्याकडे टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटाच्या पायथ्याहून १ लक्ष व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांसाठी परळपर्यंत वीज आली, ती टांगत्या रोधकांच्या याच युगात. मुंबईच्या गिरणी कामगाराचा इतिहास आमच्या चळवळीने पुष्कळ लिहिला आहे. त्याच्या मागावर पोचलेली वीज कोणत्या तबकडीवरून आली, हे त्यात आलेले नाही.

येथे चिनी मातीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. चांगल्या चिनी मातीला गारेची म्हणजे सिलिकेची बारीक भुकटी लागते. ती भुकटी श्वासाबरोबर छातीत गेली की फुप्फुस दगडावते; तोच सिलिकोसिस. इंग्लंडात १७२६ साली थॉमस बेन्सन याने गार पाण्याखाली दळण्याचे पेटंट घेतले, त्याचे कारण कोरडे दळणाऱ्यांचे मरण, हेच होते. म्हणजे रोग ठाऊक होता आणि उपायही ठाऊक होता. तरी कुंभारकामाच्या गावांतली माणसे त्यानंतर दोनशे वर्षे त्याच धुळीने खोकत राहिली. ज्या सिलिकॉनने कुंभाराची छाती खाल्ली, त्याच सिलिकॉनमधून पुढे लाइनमनचे काम हलके करणारा पदार्थ निघाला. हा योगायोग आम्हांला फार दिवस छळतो आहे.

आता स्वतः पाहिलेले सांगतो. १९९० च्या दशकात कोकणपट्टीतल्या एका उपकेंद्रात आमच्या युनियनचे काम होते. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. दोन्ही अंगांना खाडी, पलीकडे मिठागरे. तेथल्या रोधकांना पाणी धरू नये म्हणून पांढरे सिलिकॉन ग्रीस फासलेले असे. हे ग्रीस पाण्याला झटकते, आणि वर पडलेली धूळ आपल्या पोटात ओढून तिला तेलाने लपेटते, म्हणजे मीठ पाण्यापर्यंत पोचतच नाही. युक्ती नामी आहे. परंतु पोट कधी तरी भरते. वर्ष-दोन वर्षांत ग्रीस काळे पडते, मग त्याच्यावरच ठिणग्या खेळतात, आणि ते सारे खरवडून काढून नवे लावावे लागते. अकरा कंत्राटी मजुरांची टोळी हे काम करी. परमिट घेऊन वाहिनी बंद करायची, दोन्हीकडून अर्थिंग बांधायचे, वर चढायचे आणि चिंध्यांनी एकेक वळी आतून बाहेरून पुसायची. वळ्यांच्या सांदीत फडके पोचत नाही, तेथे बोटे घालायची. ते ग्रीस साबणाने जात नाही, रॉकेलने पुरते जात नाही. माणसे जेवायला बसली की भाकरीवर बोटांचे काळे ठसे उठत.

त्या टोळीतला एक जण आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, पगार वाढवा म्हणत नाही. पोर जवळ येत नाही, हाताला वास येतो म्हणून. त्याचं काहीतरी बघा." आम्ही मागणीपत्र लिहिले: हातमोजे, कपड्यांचे दोन जोड, लाकडी खरवडण्या आणि शेवटी हे कामच बंद करावे अशी मागणी. आठ महिन्यांनी साबण मंजूर झाला. महिन्याला माणशी एक वडी.

हे ग्रीस आले कोठून, हे शोधताना आम्ही रसायनशास्त्राच्या पुस्तकांत शिरलो आणि जन्मात भेटला नसता असा एक माणूस भेटला. फ्रेडरिक किपिंग, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचे प्राध्यापक. १८९९ पासून चाळीसएक वर्षे त्यांनी सिलिकॉनची कार्बनी संयुगे बनविण्यात घालविली. 'सिलिकोन' हे नावही त्यांचेच. त्यांना हवे होते स्वच्छ स्फटिक. हाती येई तो चिकट, डिंकासारखा लगदा. तो त्यांना उपद्रव वाटे. १९३६ साली रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात त्यांनी या क्षेत्रातून लवकर काही मोठे निघेल अशी आशा दिसत नाही असा निर्वाळा दिला. चाळीस वर्षे ज्याने हात घालून पाहिले त्याचाच हा निर्वाळा! आणि दहा वर्षांच्या आत तो लगदाच मालाच्या डब्यांत भरून विकला जाऊ लागला. किपिंग १९४९ साली वारले, म्हणजे आपली चूक पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. विद्वानांना हे क्वचित लाभते.

घडले ते असे. अमेरिकेत कॉर्निंगच्या काच कारखान्यात हाइड नावाचा रसायनतज्ज्ञ १९३० च्या दशकात काच आणि प्लास्टिक यांच्यामधले काहीतरी शोधीत होता. काचतंतूंच्या विद्युतरोधक फितीला उष्णता सोसणारे राळ हवे होते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोको यांनी १९४० च्या मे महिन्यात तांबे मिसळलेल्या सिलिकॉनच्या भुकटीवरून मिथिल क्लोराइड वायू सोडून या पदार्थांचा कच्चा माल थेट बनविण्याची कृती साधली. स्वस्त सिलिकोनचा सारा धंदा त्या कृतीवर उभा आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या पॅटनोड यांच्या ध्यानात आले की, या कच्च्या मालाच्या नुसत्या वाफेतून निघालेला कागद पाणी पीत नाही. १९४२ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. कागद, कापूस, काच, चिनी माती, काहीही या वाफेत धरावे आणि बाहेर काढावे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण पाणी थेंब होऊन घरंगळते. कारण असे सांगतात की, वस्तूच्या अंगाला हवेतल्या दमटपणाचा जो अदृश्य थर चिकटलेला असतो, त्याच्याशीच ही वाफ संयोग पावते आणि जागच्या जागी सिलिकोनचे अस्तर बसते. ज्या पाण्याला हाकलायचे त्याचाच हात धरून ते अस्तर आत शिरते. ही गोष्ट आम्ही टोळीतल्या माणसांना सांगितली तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे फितूर पाण्याचाच." यापेक्षा चांगले स्पष्टीकरण आम्हांला कोणत्या पुस्तकात मिळालेले नाही.

तो काळ महायुद्धाचा होता. दमट प्रदेशांत लढणाऱ्या सैन्याच्या रेडिओतले चिनी मातीचे रोधक भिजून नादुरुस्त होत. त्यांना ही वाफ दिली गेली. उंच उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांत ठिणगी देणाऱ्या तारांच्या जोडांत दमट हवेमुळे वीज भलतीकडेच उडी घेई. तेथे सिलिकोनचे ग्रीस भरले गेले. १९४३ साली डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली ती याच मालासाठी. युद्ध संपल्यावर ते ग्रीस विजेच्या उपकेंद्रांत शिरले आणि पुढे आमच्या खाडीकाठी पोचले. रोको यांची एक गोष्ट जाता जाता सांगून टाकतो. ते क्वेकर पंथाचे, शांततावादी. कंपनीचे लक्ष अणुशक्तीवर चालणाऱ्या लढाऊ जहाजांच्या कामाकडे वळले, तेव्हा ते १९४८ साली हार्वर्डला निघून गेले. नोकरी नाकारणे सोपे नसते. ते ज्याला परवडते तोही नाकारतोच असे नाही.

ग्रीसची कटकट टाळायची तर पाणी झटकणारा पदार्थ रोधकावर फासण्याऐवजी रोधकच त्याचा का करू नये? आत काचतंतू आणि राळेचा दांडा, बाहेर रबराच्या वळ्या. दांड्याने ओझे पेलायचे, रबराने पाऊस सोसायचा. जर्मनीतल्या रोझेनथाल कंपनीने १९७६ साली सिलिकोन रबराचे असे रोधक बाजारात आणले. फ्रान्स, अमेरिका, इंग्लंड येथल्या कंपन्यांनीही त्याच सुमारास दुसरी रबरे आणि राळा वापरून आपापले रोधक काढले. वजन चिनी मातीच्या माळेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दगड मारून फुटत नाहीत, हाही गुण लहान नव्हे. प्रारंभी फजितीही पुष्कळ झाली. उन्हाने रबर तडकले, दांड्यात पाणी शिरून आम्ल झाले आणि दांडा काडीसारखा मोडून तार खाली आली. कुठलेही नवे यंत्र प्रथम कामगाराच्या डोक्यावर तपासले जाते, तसेच हेही.

तरी सिलिकोनचे रबर इतरांच्या पुढे गेले, आणि ते ज्या गुणामुळे गेले त्याची कल्पना ते करणाऱ्यांनाही आरंभी नसावी. नवेपणी पाणी सारीच रबरे झटकतात. धुळीचा थर बसला की त्यांचा गुण थराखाली गाडला जातो. सिलिकोनच्या रबरात मात्र हलके, तेलासारखे रेणू मोकळे असतात. ते हळूहळू वर पाझरतात आणि बसलेल्या धुळीलाच तेलवतात. मग धूळही पाणी झटकू लागते! फार दिवस भिजून किंवा ठिणग्यांनी भाजून गुण गेला, तर कोरड्या हवेत काही तासांत किंवा दिवसांत तो पुष्कळसा परत येतो. आपल्या अळवाचे पान जिवंत असते, वरचे मेण पुन्हा बनवते. कारखान्यातल्या निर्जीव वस्तूत हा जिवंतपणाचा अंश यावा, हे आम्हांला या साऱ्या इतिहासातले मोठे नवल वाटते. जुन्या चिनी मातीवर फवारून लावायचे असेच सिलिकोनचे लेपही निघाले, आणि समुद्रकाठी पुष्कळ ठिकाणी ते चालतात.

कमळाच्या पानाचे कोडे शास्त्रज्ञांनी सोडविले ते त्यानंतर. १९९७ साली जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी दाखविले की, पानाच्या अंगावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे कण असतात. थेंब टोकांवर तरंगतो, खाली हवा राहते, आणि घरंगळताना तो धूळही घेऊन जातो. तेव्हापासून रोधकाला तसे अंग देण्याचे प्रयोग चालू आहेत. प्रयोगशाळेत ते फार सुंदर दिसतात. मनोऱ्यावरची गोष्ट वेगळी. वाऱ्याबरोबरची वाळू ते बारके उंचवटे घासून टाकते. दव तर वरून पडत नाही. ते उंचवट्यांच्या फटींतच धरते, आणि फट पाण्याने भरली की थेंब चिकटून बसतो. पाऊस झटकणारे दवाला शरण जाते, आणि आपला वैरी तर दवच.

उत्तर हिंदुस्थानात २००७ च्या आणि २०१० च्या जानेवारीत दाट धुक्यात उच्च दाबाच्या वाहिन्या एकामागून एक पडल्या आणि मोठे प्रदेश अंधारात गेले. त्यानंतर तेथल्या वाहिन्यांवर चिनी मातीऐवजी सिलिकोनचे रोधक चढविण्याच्या कामाला जोर आला. आमच्या खाडीकाठच्या उपकेंद्रात ते २०१२ साली आले. आम्ही मागणीपत्रात लिहिले होते की हे काम बंद करावे. ते बंद झाले. ज्या दिवशी शेवटची काळी चिंधी पेटीत टाकली, त्याच आठवड्यात कंत्राटदाराने अकराही जणांना यायचे नाही म्हणून सांगितले. अठरा वर्षे ज्या कामाला आम्ही नरक म्हटले, त्याच्याच बंद होण्याविरुद्ध दारात बसण्याची पाळी आमच्यावर आली. साहेब हसले. "तुम्हीच मागितले होते ना?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि आमचे बसणेही खोटे नव्हते. दीड वर्षाच्या खटपटीत सहा जण दुसऱ्या कामांवर लागले, पाच लागले नाहीत. त्या पाचांतला एक अजून आम्हांला रस्त्यात भेटला की बोलत नाही.

लागलेल्यांपैकी एकाकडे अलीकडे तपासणीचे काम आहे. सिलिकोनच्या रोधकाचा गुण किती उरला हे पाहण्याची एक साधी रीत स्वीडनमधून १९९२ साली निघाली. साध्या फवाऱ्याच्या बाटलीने वीस-तीस सेकंद पाणी मारायचे आणि थेंब कसे बसतात ते पाहून एक ते सात असा क्रमांक द्यायचा. गोल सुटे थेंब असले तर एक, सारा पृष्ठभाग भिजून सपाट पापुद्रा झाला तर सात. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच्याबरोबर आवारात गेलो. वाहिनी बंद करून, अर्थिंग बांधून, उतरवून ठेवलेल्या जुन्या रोधकावर त्याने पाणी मारले, डोळे बारीक करून पाहिले, आणि वहीत तीन लिहिले. आम्ही विचारले, अळवाला किती देशील? तो म्हणाला, "एक. पण भाऊ, अळू परातीत चिरलेलं असलं तर सात."